वहिनीच्या हातचं

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी मला विचारलं होतं, "तुझी आजची बातमी काय?"

मी नुकतीच डी.एड. होऊन, लग्न करून सांगलीकडून नायगावात आले होते. मला वाटलं, ही सामान्यज्ञानाची परीक्षा आहे. सुदैवाने सकाळी पेपर चाळला होता. मंत्रिमंडळात कोण आलं, कोण गेलं, ते मी धडाधड सांगून टाकलं. बाईंनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ही त्यांची झाली. तुझी सांग." माझी कसली बातमी असणार? मी गडबडून गेले आणि तोंडाला आलं ते बोलले. सकाळी माझ्याकडून दूध उतू गेलं आणि सासूबाई मला काहीच बोलल्या नाहीत, असं सांगितलं. बाईंनी डोळे उघडले. "पोचली," म्हणाल्या, आणि मला माझा वर्ग दाखवायला निघाल्या.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की आमच्या मुख्याध्यापिका थोड्या चक्रम आहेत. पुढे त्यांच्या हाताखाली मी पुष्कळ वर्षं काढली. ते मत मी बदललेलं नाही. फक्त चक्रम या शब्दाबद्दलचं माझं मत बदललं.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. जूचंद्रच्या पुढे, मिठागरांच्या बाजूला आमची प्राथमिक शाळा होती. गावकऱ्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेली, नंतर अनुदान मिळून चार पक्क्या खोल्या झालेली. निम्मी मुलं गावातली, म्हणजे भातशेतीवाल्यांची, मिठागरवाल्यांची, खाडीत मासे धरणाऱ्यांची. उरलेली निम्मी आमच्यासारख्यांची, कोकणातून, देशावरून आणि मुंबईच्या चाळींतून इथं स्वस्त जागा मिळाली म्हणून आलेल्या माणसांची. दोन्हीकडची माणसं एकमेकांना जरा बिचकूनच असायची. बाई तर त्या दोन्हींतल्या नव्हत्या. त्या वसई गावाकडच्या ख्रिस्ती, केळीच्या बागायतीत वाढलेल्या. दोन वाहनं बदलून रोज यायच्या आणि कधीही उशीर करायच्या नाहीत. नेसायला कडक खळ केलेलं सुती पातळ, गळ्यात बारीक साखळीत क्रूस, अंबाड्यात एखादं सोनचाफ्याचं फूल आणि डाव्या हातावर अडकवलेली काळी छत्री. ही छत्री बाराही महिने असायची. तिने त्या रिक्षा थांबवत, कुत्री हाकलत, फळ्यावरचा शब्द दाखवत आणि शाळेमागच्या झाडाचे पेरूही पाडत. पावसात मात्र त्या बऱ्याचदा भिजून यायच्या, कारण छत्री वाटेत कुठल्यातरी पोराला दिलेली असायची.

तर बातम्या. सगळ्या शाळांत परिपाठाला प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार होतात आणि मग एक मुलगा पेपरातल्या बातम्या वाचतो. आमच्याकडे पेपराला बंदी होती. छापून आली ती शिळी, असं बाईंचं म्हणणं. मुलांनी आपापल्या घरची ताजी बातमी आणायची. तिचे नियम पक्के होते. बातमी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली हवी. ती आपल्याच घरातली हवी, शेजारच्यांच्या उखाळ्यापाखाळ्या नकोत. ती खरी हवी. आणि कोणी बातमी सांगत असताना मध्ये कोणीही बोलायचं नाही, स्वतः बाईंनीसुद्धा नाही. सांगून झाली की सगळी शाळा एका सुरात ओरडायची, "पोचली!"

त्या एका शब्दावर पोरं जीव टाकायची. आमच्या घरात पाणी आलं, पोचली. आजीचा दात पडला, पोचली. मामा आला आणि जाताना आमची चप्पल घालून गेला, पोचली. पहिलीतलं एक पोर रोज सांगायचं की आज बातमी नाही. तीसुद्धा पोचायची.

या बातम्यांना शाळेबाहेर मोठा श्रोतृवर्ग होता. आमचं कुंपण म्हणजे छातीएवढी भिंत. मुलांना सोडायला आलेल्या आया परिपाठ संपेपर्यंत तिला टेकून उभ्या राहायच्या. सायकलवरचा पाववाला पाय टेकून थांबायचा. आणि गावातली एक मासळीवाली आजी. ती भल्या पहाटे खाडीची कोलंबी आणि बोयटं घेऊन वसईकडे जायची आणि विकून परत येताना रिकामी टोपली भिंतीवर ठेवून उभी राहायची. तिची दोन नातवंडं शाळेत होती, पण ती त्यांच्यासाठी थांबत नसे. "गावान काय चाललंय, ते हितंच कलतं," असं तिने मला एकदा सांगितलं होतं. खरंच होतं ते. नव्या इमारतीतल्या कोणाकडे बाळ झालं, हे गावाला इथंच कळायचं. गावात कोणाचा पाय मोडला, हे इमारतीतल्यांना इथंच. त्या भिंतीशीच पहिल्यांदा एका आगरी बाईने माझ्या शेजारणीला विचारलं, बाळाला बरं आहे का आता. ओळख नाही पाळख नाही. पण बातमी पोचली होती ना.

एकदा तपासणीला साहेब आले. परिपाठाला खुर्ची टाकून बसले. बातम्यांची वेळ झाली तसा चौथीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, आमची म्हैस रात्री व्यायली. साहेबांच्या कपाळावर आठ्या. देशात काय घडलं ते सांग म्हणाले. पोराने बाईंकडे बघितलं. बाई साहेबांना शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही मध्ये बोललात. त्याचं सांगून झालं नव्हतं." आम्ही शिक्षिका गारठलो. पोराने उरलेली बातमी सांगितली, की रेडकू पायाळू होतं पण जगलं, आणि आई रात्रभर गोठ्यात बसली होती. शाळा ओरडली, पोचली. शेवटी बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. तुमची बातमी काय, म्हणून छत्री रोखून विचारलं. ते इकडेतिकडे बघत म्हणाले की त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि काल तिने त्यांना ओळखलं. त्यांना "पोचली" इतक्या जोरात मिळाली की पाववाल्याची सायकल आडवी झाली. शाळेचा शेरा चांगला आला.

आता बाईंच्या डब्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या डब्यात आहे.

मधल्या सुट्टीत आम्ही चौघी शिक्षिका एकत्र जेवायचो आणि आमचे तिघींचे डबे म्हणजे बटाटा, भेंडी, बटाटा. बाईंच्या डब्याची मात्र आम्ही वाट बघायचो. केळफुलाची भाजी, सुक्या बोंबलाची चटणी, कच्च्या केळ्याचे काप, कधी वालाचं बिरडं. त्यातही केळफुलाची भाजी अशी की मी अजून तशी खाल्लेली नाही. बाई स्वतः एक घास घेऊन बाकीचं आमच्यात वाटून टाकायच्या. कोणी वाहवा केली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य, "वहिनीच्या हातचं आहे." मग वहिनीबद्दल एखादं वाक्य यायचं. वहिनी पहाटे उठते. वहिनी केळफुलाचे दांडे एकेक करून काढते, कंटाळत नाही. वहिनी मला उपाशी घराबाहेर पडू देत नाही. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, त्या भावाच्या घरी राहतात हे आम्हाला माहीत होतं. अशी वहिनी मिळायला नशीब लागतं, असं आम्ही आपापसांत म्हणायचो. मी तर एकदा माझ्या जावेसमोर त्यांच्या वहिनीचं कौतुक केलं आणि नसतं ओढवून घेतलं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा स्थिरावली की आमच्याकडे सहामाहीचा निकाल लागायचा. त्या दिवशी पालकांना बोलावणं असायचं. निकालपत्रकं वाटायच्या आधी "सहामाही बातम्या" व्हायच्या. गेल्या अर्ध्या वर्षातली आपली सर्वांत मोठी बातमी प्रत्येक मुलाने सांगायची. मार्क काय ते कागदावर आहेतच, पोराचं अर्धं वर्ष कसं गेलं ते पोरालाच विचारा, असं बाई पालकांना बजावायच्या. त्या दिवशी भिंतीशी उभं राहायला जागा नसायची.

त्या वर्षी माझ्याकडे तिसरी होती. माझ्या वर्गात दीपाली नावाची मुलगी होती. बोलायला कमी, अक्षर सुंदर. चिपळूणकडची माणसं, गावाबाहेरच्या चाळीत एका खोलीत राहायची. वडील वालीवला नटबोल्टच्या एका लहान कारखान्यात फिटर होते. सहामाही बातम्यांच्या दिवशी तिची आई भिंतीशी उभी होती, कडेवर धाकटा.

दीपालीचा नंबर आला. ती इतकी खुशीत पुढे गेली की मला बरं वाटलं. एरवी तिच्याकडे फारशा बातम्या नसत. हात पाठीमागे बांधून, खणखणीत आवाजात ती बोलली.

"आमचे बाबा आता कंपनीत जात नाहीत. ते मिठागराच्या बांधावर बसून डबा खातात. शनिवारी मी बोरं वेचायला गेले होते तेव्हा बघितलं. मी हाक नाही मारली, कारण ते जेवत होते."

झालं. सगळे नियम तिने तंतोतंत पाळले होते. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली, स्वतःच्या घरातली, खरी बातमी. म्हणून तर ती खुशीत होती. आणि शाळेत एकाही पोराच्या तोंडून "पोचली" निघेना. मोठी मुलं एकमेकांकडे बघू लागली. भिंतीशी उभ्या असलेल्या सगळ्या माना वळल्या त्या दीपालीच्या आईकडे. तिने पदर सारखा केला, धाकट्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि समोर बघत उभी राहिली. त्या बाईचा नवरा रोज डबा घेऊन कामावर म्हणून निघतो आणि खाडीवर जाऊन बसतो, हे आता सगळ्या गावाला कळलं होतं. मासळीवाली आजीसुद्धा टोपलीकडे बघत राहिली. दीपालीच्या चेहऱ्यावरची खुशी हळूहळू उतरत गेली, ती मला अजून दिसते. आपलं काहीतरी चुकलंय एवढं तिला कळलं होतं. काय चुकलंय ते कळत नव्हतं.

बाईंनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "पोचली," त्या एकट्याच म्हणाल्या. दीपालीच्या डोक्यावर हात ठेवून तिला जवळ उभं केलं. मग छत्री खांबाला अडकवली आणि म्हणाल्या, "आता माझी."

बाईंनी स्वतःची बातमी कधीच सांगितली नव्हती. पोरं सावरून बसली. बाई हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या, दीपाली उभी होती अगदी तशाच.

"माझा डबा वहिनी करत नाही. आमची आई गेल्यावर भावाशी माझं भांडण झालं. घराच्या मधोमध भिंत घातली. तेव्हापासून वहिनी माझ्याशी बोलत नाही आणि मी तिच्याशी. मागच्या खोलीत मी एकटी राहते, एकटी रांधते. डबा मीच भरते आणि इथं येऊन वहिनीने दिला म्हणून सांगते. एकटी राहते हे सांगायची मला लाज वाटायची. तुम्हाला रोज खरं सांगा म्हणते आणि मी स्वतः रोज मधल्या सुट्टीत खोटं बोलते. ही माझी सहामाहीची बातमी."

त्या थांबल्या आणि वाट बघत राहिल्या. कोणीतरी, बहुतेक ते रोज बातमी नसलेलं पहिलीतलं पोर, बारीक आवाजात "पोचली" म्हणालं. मग दोनचार मुलं म्हणाली. मग सगळी शाळा. आम्ही शिक्षिका मान खाली घालून उभ्या होतो. वर्षानुवर्षं आम्ही त्या वहिनीचं कौतुक करत होतो आणि बाई ते ऐकून घेत होत्या. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. सगळ्या गावासमोर असं स्वतःला उघडं करायची काय गरज होती, असं मला वाटत होतं. काय गरज होती ते कळायला मला मधल्या सुट्टीपर्यंत वेळ लागला. तोवर सगळ्या गावात एकच विषय झाला होता, आणि तो फिटरचा नव्हता. मोठ्या बाई एवढ्या शिकलेल्या, एवढ्या रुबाबाच्या, आणि घरी त्यांना कोणी विचारत नाही. पाववाला हेच बोलत पुढे गेला. आया हेच बोलत घरी गेल्या. बांधावर बसलेल्या माणसाची गोष्ट त्या दुसऱ्या गोष्टीखाली झाकली गेली.

निकालपत्रकं वाटून झाल्यावर दीपालीची आई ऑफिसच्या दारात आली. मी तिथंच होते. बाईंनी तिला बसायला सांगितलं, पण ती उभ्यानेच बोलली. तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. नवऱ्याच्या कपड्यांना ग्रीसचा वास येईनासा झाला होता आणि डब्याच्या तळाला चिखल लागलेला असायचा. "तरी डबा भरत राहिले बाई," ती म्हणाली. "म्हटलं, त्यांचं त्यांना सांगू दे. सांगायला आलेही असते. आता तुमच्या शाळेत पोरीनेच सांगून टाकलं." तिने आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि चूक माझी आहे, मुलीला रागावू नका, एवढंच म्हणाल्या.

वर्गात दीपाली पाटीवर काहीतरी लिहून पुसत होती, पुन्हा लिहून पुन्हा पुसत होती. मी जवळ बसले तशी तिने विचारलं, बातमी खोटी होती का? मी म्हटलं, नाही गं. यापुढे काय सांगायचं, ते डी.एड.च्या कुठल्याच तासाला शिकवलेलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत तिचे वडील आले. हातात तोच डबा, न उघडलेला. बांधापर्यंत कोणीतरी खबर नेली होती. सडपातळ, सभ्य माणूस, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. रोज कामावर निघायला घालत असणार. दारातूनच म्हणाले, मुलीचा दाखला द्या. आम्ही गावी जातो. इथं आता तोंड दाखवायला जागा नाही.

सहामाहीत दाखला म्हणजे पोरीचं वर्ष गेलं, हे आम्हाला कळत होतं आणि त्यांनाही. चिपळूणकडच्या घरी शाळा किती लांब होती कोण जाणे. बाई वाद घालणार असं मला वाटलं. त्यांनी कपाटातून आपला डबा काढला, टेबलावर ठेवला आणि त्यांच्यासमोर खुर्ची सरकवली.

"माझी बातमी ऐकलीत?" त्यांनी विचारलं.

ते ओशाळले. ऐकली, म्हणाले. बाहेर सगळे तुमचंच बोलतायत.

"मग बसा. तुम्ही बांधावर एकटे जेवता, मी घरी एकटी जेवते. आज दोघं जेवू. दाखला जेवणानंतरही देता येईल."

ते बसले. आम्ही तिघी उगीचच वह्या तपासत राहिलो. त्यांच्या डब्यात चपाती आणि चवळीची उसळ होती, बाईंच्या डब्यात केळफुलाची भाजी. बाईंनी अर्धी त्यांना वाढली. जेवता जेवता ते हळूहळू बोलू लागले. कारखाना दसऱ्याच्या आधीच बंद झाला होता. आज कुठंतरी काम मिळेल, उद्या मिळेल, मग सांगू, असं करत दिवाळी आली. दिवाळीत कुठं सांगायचं? नंतर तर रोजच अवघड होत गेलं. घरी गेल्यावर बायको विचारायची, दमलात का, आणि ते हो म्हणायचे. "बायकोला कुठल्या तोंडाने सांगू आता?" म्हणाले. "तिला तर तुमच्या शाळेतून कळलं."

मी बाईंकडे बघत होते. बायकोला आधीच माहीत होतं, हे एक वाक्य त्यांनी सांगितलं असतं तर त्या माणसाचं निम्मं ओझं उतरलं असतं. पण त्यांनी ते सांगितलं नाही. ती बातमी दुसऱ्याच्या घरातली होती. ती त्याच घरात सांगितली जायला हवी होती.

"घरी जा आणि तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "तिने ऐकलं असेल, ते गावाकडून. तुमच्याकडून अजून ऐकलेलं नाही. आणि सांगून झालं की ती काय म्हणते ते पूर्ण ऐकून घ्या. मध्ये बोलू नका."

त्यांनी हात धुतले, बाईंचाही डबा विसळून दिला आणि गेले. दाखल्याचं काही बोलले नाहीत. पण उद्या येऊन मागतील अशी धाकधूक आम्हाला होती. त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई घरी जायला निघेनात. घंटा पुसत बसल्या. ती घंटा त्या स्वतःच वाजवायच्या, पण तिला पुसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपाली आली. वडिलांचं बोट धरून आली. वडिलांच्या कडेवर धाकटा होता आणि आई मागून चालत होती. दीपाली रांगेत जाऊन उभी राहिली. मला इतकं हायसं वाटलं की मी पुढे जाऊन उगीचच तिच्या वेणीची रिबीन सारखी केली.

परिपाठाला बाईंनी नवा नियम सांगितला. बातमी आधी माझ्या कानात सांगायची. सगळ्यांना सांगण्यासारखी असेल तर मोठ्याने सांगायची, नसेल तर ती कानातच पोचली. मग सगळ्या शाळेसमोर दीपालीला म्हणाल्या, "तुझी बातमी खरी होती. कोणती बातमी कुणाला सांगायची, हे मी तुम्हाला शिकवलंच नव्हतं. चूक माझी होती." त्यानंतर रोज परिपाठाआधी पोरांची रांग बाईंपुढे लागायची. बाई वाकून एकेकाचं ऐकायच्या, डोळे मिटून. काही पोरं हसत मोकळी व्हायची, काही बाईंच्या पातळाला तोंड पुसून जायची. कानात राहिलेल्या त्या बातम्या आम्हाला शेवटपर्यंत कळल्या नाहीत. आम्ही विचारल्याही नाहीत.

फिटरचंही मार्गी लागलं. कामाची गरज आहे ही गोष्ट आता गावाला माहीत होती. भिंतीशी उभ्या राहणाऱ्या कोणाचा तरी दीर वालीवलाच एका वर्कशॉपमध्ये होता. त्याने नाताळच्या आधी त्यांना चिकटवून दिलं. तोवर ते रोज शाळेत येऊन आमचे डुगडुगणारे बाक दुरुस्त करत आणि मधल्या सुट्टीत बाईंबरोबर जेवत. डबा मात्र आता बायको शाळेत आणून द्यायची.

आणि वहिनी.

ती बातमीही चालत गेली होती, पण आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. मासळीवाली आजी ज्या आळीत कोलंबी विकायची, त्याच आळीत बाईंचं घर. सहामाहीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिने वहिनीच्या दारात टोपली उतरवली आणि सगळं सांगून टाकलं. तुझी ननंद तिकडं तुझ्या हातचं म्हनून डबा वाटते, सगल्या शालेला तुझं नाव ठाव हाय. आजीने मला नंतर सांगितलं, की वहिनीने ते ऐकून घेतलं, कोलंबी घेतली आणि भाव केला नाही. "भाव न करनारी बाय नाय ती," आजी म्हणाली. "तवाच मी बोलले, हिला लागलं."

नाताळच्या सुट्टीच्या आदल्या दिवसाचा आदला दिवस. परिपाठ सुरू व्हायच्या आधी आजी फाटकातून आत आली. एरवी ती कधी आत येत नसे. रिकाम्या टोपलीत फडक्यात बांधलेला एक स्टीलचा डबा होता. तिने तो बाईंच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुज्या वहिनीनं दिलाय." बाईंनी तो घेतला. फडक्याला मासळीचा वास मारत होता. बाईंनी तो डबा दुपारपर्यंत उघडला नाही, पण वर्गावर जाताना बरोबर नेला आणि परत आणला.

मधल्या सुट्टीत उघडला. वर फुगे होते, नाताळात त्यांच्याकडे मैद्याचे गोल तळतात ते. खाली केळफुलाची भाजी. वहिनी ही भाजी करत नसे, हे आम्हाला तिच्या पहिल्याच घासाला कळलं. केळफुलाचे दांडे काढलेलेच नव्हते. ते दाताखाली येत होते आणि भाजी कडू झाली होती. मीठही सढळ हाताने पडलेलं. आपल्या नावावर ही भाजी खपतेय असं ऐकून त्या माउलीने आयुष्यात पहिल्यांदा केळफूल सोलायला घेतलं असणार. बाईंनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना वाढली. आम्ही तिघी एकमेकींकडे न बघता खात होतो. कोणीतरी म्हटलं, छान झालीय.

"काय छान?" बाई म्हणाल्या. "दांडे कोण काढणार?" आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. त्या तशाच खात राहिल्या. आमच्या पानांत उरलेलीही त्यांनी परत आपल्या डब्यात घेतली आणि शेवटच्या दांड्यापर्यंत संपवली. मी बाईंना रडताना पुन्हा कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या परिपाठाला, मुलांच्या बातम्या झाल्यावर बाई म्हणाल्या, "आज माझी पण आहे." त्यांनी छत्री खांबाला अडकवली आणि हात पाठीमागे बांधले.

"काल माझ्या वहिनीने डबा पाठवला. तिने स्वतः केला होता. भाजी कडू होती. मी सगळी खाल्ली."

"पोचली!" शाळा ओरडली. मी दीपालीकडे बघितलं. तिचा आवाज सगळ्यांच्या वर होता. भिंतीशी उभ्या असलेल्या आयाही ओरडल्या आणि त्यांच्यामागे आपल्या धाकट्याला घेऊन उभा असलेला फिटरही. फक्त मासळीवाली आजी गप्प होती. पोरांचा गलका थांबला तशी ती टोपली डोक्यावर घेत भिंतीपलीकडून म्हणाली, "बाय, उद्या तिच्या दारान जायचं हाय. ही बी सांगू काय तिला?"

बाईंनी आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. रोज खरं आणि पूर्ण सांगा म्हणणाऱ्या आमच्या मोठ्या बाईंनी खांबाची छत्री काढून हातावर अडकवली.

"सांग," मग त्या म्हणाल्या. "कडू होती तेवढं सोडून."